शेतात ट्रॅप कॅमेरा नेमका कुठे लावावा?

बांधावर बिबट्याचे ठसे दिसले म्हणून समोर जनावर आलं की आपोआप फोटो काढणारा हा कॅमेरा घेतलाय ना? मग उसाच्या तोंडावर लावू नका. ऊन तापलं की हलणाऱ्या पाचटानेही त्याचा उष्णतेची हालचाल टिपणारा सेन्सर फसतो. माझ्या पहिल्या कार्डावर ३०० फोटो निघाले, त्यात एक मांजर आणि बाकी सगळी पानं! पाणंद किंवा ओढ्याची पायवाट बघा, बिबट्याही चिखल-काटे टाळून मळलेल्या वाटेनेच जातो. उंची गुडघ्याएवढी, साधारण ४०-५० सेंमी. तोंड उत्तरेकडे, म्हणजे सूर्य थेट भिंगात येत नाही. समोरचं गवत विळ्याने साफ करा. आमिष मात्र अजिबात बांधू नका. आणि वनहद्दीत लावायचा तर आधी वनविभागाची परवानगी.