वाचकांचे प्रश्न : उपाशीपोटी प्रभुभोजन अन् धुऱ्याचं भांडण

प्रश्न : जय ख्रिस्त ताई. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, माझं माहेर कॅथलिक, सासर सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट). सासूबाई 78 वर्षांच्या, शुगर आहे. पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू) महिन्यातून एकदाच येतात, प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर-प्याला द्यायला, अन् त्या रविवारी सासूबाई गोळी तेवढी घेतात पण पोटात अन्नाचा कण जाऊ देत नाहीत, म्हणतात प्रभुभोजनाआधी तोंड उष्टं करायचं नाही. मागच्या महिन्यात चर्चमध्ये घाम फुटून खालीच बसल्या. अन् एवढा उपास धरून ऐनवेळी भाकर-प्याला घेतच नाहीत. चुलतसासऱ्यांशी शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) भांडण झालं, चार वर्षांपासून बोलणं बंद आहे, म्हणतात मी अयोग्य आहे, घेतलं तर दोष लागंल. कसं समजावू?

उत्तर : जय ख्रिस्त बाई. पहिले शुगरचं बोलते, कारण त्यात जीवाला धोका आहे. गोळी घेऊन उपाशी राहिलं की शुगर एकदम खाली जाऊ शकते, घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी येते. तसं झालं अन् शुद्धीवर असल्या तर लगेच साखरपाणी द्या, अन् याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवून गोळी अन् जेवणाची वेळ विचारून घ्या.

उपासाची रीत जुनी आहे, लोकांनी मनोभावे पाळली, मी तिला नावं ठेवत नाही. पण तुमच्या माहेरीच, कॅथलिकांत बघा नं, आधी मध्यरात्रीपासूनचा उपास होता, 1957 मध्ये पोपनी तो तीन तासांवर आणला, 1964 मध्ये एका तासावर, त्यातही पाणी अन् औषध चालते, अन् म्हाताऱ्या-आजारी माणसाला तो एक तासही नाही. अन् बायबलात प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, अध्याय 11 च्या शेवटी, भूक लागली असंल तर घरी खाऊन या असंच सांगितलं आहे. रविवारी सकाळी त्यांच्यापुढे पोळी-भाजी ठेवा अन् हे वचन वाचून दाखवा.

आता 'अयोग्य'. हा शब्द त्याच अध्यायातला आहे, अन् याच्यापायी किती बाया मागच्या बाकावर बसून रडताना मी पाहिल्या आहेत. बावीस वर्षं झाली, आमच्या मंडळीत टेबल मी लावते, पांढरी चादर, पावाच्या कडा काढून बोटाच्या पेराएवढे तुकडे, छोटे ग्लास, अन् भोजन झाल्यावर काही ग्लास भरलेलेच राहतात, ते कोणाचे हे मला माहीत राहते. पौल तिथं अयोग्य माणसाबद्दल बोलत नाही, अयोग्य रीतीनं खाण्याबद्दल बोलतो. करिंथात काय होत होतं, ज्यांच्याजवळ होतं ते आधीच जेवून घ्यायचे, पिऊन तर्र व्हायचे, अन् गरीब उपाशीच राहायचा. म्हणून तो म्हणतो एकमेकांसाठी थांबा. स्वतःची परीक्षा करा म्हणतो, पण परीक्षा करून घरी जा असं नाही म्हणत, परीक्षा करून मग खा म्हणतो! प्रभूच्या त्या पहिल्या टेबलाशी शिष्य पेत्र होता नं, त्याच रात्री कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदा नाकारणारा. लायक माणसांनाच वाढायचं असतं तर ते ताट तसंच परत गेलं असतं.

तरी धुऱ्याचं भांडण मी बाजूला टाकत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात, अध्याय 5 मध्ये येशू म्हणतो, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. सासूबाईंना हे टोचते म्हणजे मन जिवंत आहे त्यांचं. पण समेट म्हणजे धुरा सोडून देणं नाही, ती मोजणी भूमी अभिलेखवाले करतील, समेट म्हणजे बोलणं. तुम्ही किंवा तुमच्या मालकांनी जा, म्हणा, "काका, आईनं चहाला बोलावलं." आले तर उत्तमच, नाही आले तरी रोमकरांस पत्रात पौल म्हणतो की तुमच्याकडून होईल तेवढं शांतीनं राहा, सासूबाईंकडून होईल तेवढं झालं. पुढच्या माणसाच्या रुसव्यासाठी त्यांनी अजून चार वर्षं उपाशी राहायचं काहून? प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्हीही आपल्या ऋण्यांस' ही माफीची ओळ म्हणताना चुलतसासऱ्यांचं नाव मनात घ्यायला सांगा, मी स्वतः एका जावेसाठी सात महिने घेतलं, पहिले पहिले ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही.

अन् चर्चमध्ये सगळ्यांसमोर त्यांना अवघड होत असंल तर पाळकसाहेबांना आधी निरोप द्या, ते घरी येऊन देतात, सीएनआयमध्ये आजाऱ्याला घरी द्यायची सोय आहे. स्वतःच घरी वाटून घेऊ नका, ते पाळकाचं काम आहे. तुम्ही फक्त तयारी करा, स्वच्छ चादर, एक पाव, अन् प्याल्यासाठी द्राक्षं मिळत नसतील तर काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी त्याच पाण्यात उकळा, गाळून गार करा, साखर टाकू नका. आमच्याकडे पाळकसाहेबांना विचारून तसंच करतो. घोटभरच लागते. अन् काका चहाला आले तर त्यांनाही त्या दिवशी थांबवा.