घराणं म्हणे! नावातच अनाथ आहे

ओस्लोजवळच्या आस्केरला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्याकडे 'बुदस्तिका' हा स्थानिक पेपर येतो. तो 'आमेदिया' या कंपनीचा. नॉर्वेतल्या गावोगावचे शंभरावर पेपर या एका कंपनीच्या मालकीचे आहेत. पुण्यातल्या नातेवाइकांना हे सांगताना 'माध्यम घराणं' म्हणावं की 'वृत्तपत्रांची साखळी'? शिवाय नॉर्वेजियनमध्ये पेपरला 'आविस' म्हणतात, आणि आविस म्हणजे लॅटिनमधला पक्षी, असं त्यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ छातीठोकपणे सांगतात. ते खरं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'समूह'. साखळी हॉटेलांची असते, तिथे सगळीकडे तोच मेन्यू आणि तोच गणवेश. नॉर्वेत 1953 पासून संपादकांच्या हक्क-कर्तव्यांची सनद आहे. मालकाने संपादकाच्या कामात नाक खुपसायचं नाही, हे त्या सनदेचं सार. त्यामुळे पेपरांचा मालक एक असला तरी प्रत्येकाचा संपादक आपल्या पानाचा धनी. म्हणून समूह. संपलं.

पण 'घराणं'! टीव्हीवर हल्ली रोज कुठल्या ना कुठल्या 'माध्यम घराण्या'ने काही ना काही केलेलं असतं. इंग्रजीत हाऊस दिसलं की आपण लगेच घराण्याची पालखी उचलतो. अहो, घराणं किराण्याचं असतं, ग्वाल्हेरचं असतं, होळकरांचं असतं. तिथे बाप, मुलगा, नातू किंवा गुरू, शिष्य, प्रशिष्य लागतात. एखाद्या कुटुंबाने तीन पिढ्या पेपर चालवला असेल तर म्हणा घराणं, माझी ना नाही. आमेदियाला ना बाप, ना लेक. 2016 साली कामगार संघटना आणि तेलेनोर ही दूरसंचार कंपनी यांनी आपले हिस्से बचत बँकेच्या एका न्यासाला विकले. आजही मालकी अशाच एका न्यासाकडे आहे. न्यासाला कुठून आलेत वारस?

आणि गंमत म्हणजे आमेदियाच्या नावातच अनाथ बसलेला आहे. ते सांगण्यासाठी तर मी हा प्रश्न घेतला.

आमेदियातला 'मेदिया' सोडा, तो जगभर सारखाच. 'आ' बघा. 1948 साली कामगार चळवळीच्या पेपरांनी 'नोर्स्क आर्बाइदरप्रेसे' नावाची कंपनी काढली. आर्बाइदर म्हणजे कामगार. पुढे तिचं नाव 'आ-प्रेसेन' झालं. 2012 साली तिने 'एद्दा मेदिया' ही पेपरांचीच दुसरी कंपनी विकत घेतली आणि मग आमेदिया हे नाव आलं. थोडक्यात हा 'आ' कामगारांचा. चळवळीची मालकी गेली, तरी हामारचा पेपर आजही 'हामार आर्बाइदरब्लाद' या नावानेच निघतो. शब्दशः 'हामार कामगार-पत्र'.

आता हा 'आर्बाइद' आला कुठून? नॉर्वेजियनने तो उत्तर जर्मनीतल्या व्यापाऱ्यांच्या बोलीतून उचलला. जर्मनमध्ये आजही 'आर्बाइट' म्हणजे काम. पण त्याच्या मुळाशी जो धातू बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात त्याचा अर्थ काम नव्हेच. ज्याचं छत्र गेलं, जो एका हातातून दुसऱ्या हातात गेला, तो पोरका, असा काहीसा त्याचा अर्थ. पोरक्या पोराला परक्या घरी राबावं लागतं, त्यातून 'कष्ट' आले. ग्रीकमधला 'ऑर्फानोस', म्हणजे इंग्रजीतला ऑर्फन, याच कुळातला. वेठबिगारीला चेक लोक 'रोबोता' म्हणतात, त्यातून जगाला रोबो मिळाला, तोही यातलाच. आणि आपल्या संस्कृतातला 'अर्भ', म्हणजेच आपलं 'अर्भक'!

इथे काही कोशकार घसा खाकरतात. 'अर्भ'चा जुना अर्थ 'लहान' असा आहे, पोरकेपणाशी त्याचा संबंध सिद्ध होत नाही, असं त्यांचं म्हणणं. ऋग्वेदात 'नमो महद्भ्यो नमो अर्भकेभ्यो' असं आहे, मोठ्यांना नमस्कार, लहानांना नमस्कार; इथे अनाथ कुठे दिसतो, असं ते विचारतात. दिसत नाही खरा. पण महाराज, ते सूक्त परंपरेने कुणाच्या नावावर आहे ते तरी बघाल की नाही? शुनःशेपाच्या! ज्याला सख्ख्या बापाने शंभर गाईंच्या बदल्यात यज्ञात बळी द्यायला विकला, तो शुनःशेप. एका हातातून दुसऱ्या हातात गेलेलं पोर! याला पुरावा म्हणत नाहीत हे मलाही कळतं. तरी मी तो इथे ठेवणारच, कारण असे योगायोग कोशात मावत नाहीत. नुसतं प्रश्नचिन्ह लावून मोकळं होणं सोपं असतं. 'लहान' आणि 'पोरका' यांच्यात अंतर तरी केवढं? आपल्याकडे 'पोर' आणि 'पोरका' शेजारीच नांदतात की.

अजून एक. नॉर्वेजियनमध्ये वारशाला 'आर्व' म्हणतात, तोही याच धातूचा. बाप गेल्यावर उरतं ते. म्हणजे वारसा आणि अनाथपण एकाच मुळातून. घराणंवाल्यांनी हे वाचून खूश होऊ नये. हातोहात जाणं म्हणाल तर ते या पेपरांच्या कपाळी आहेच: एद्दातले पेपर आधी ऑर्क्ला या उद्योगसमूहाकडे होते, 2006 साली मेकॉम या ब्रिटिश कंपनीकडे गेले आणि तिच्याकडून आ-प्रेसेनकडे आले. दत्तकविधानांची मालिकाच म्हणा ना.

हे वाचून कुणीतरी लगेच लिहील, 'बघा, नॉर्वेजियनही संस्कृतातूनच निघाली.' नाही. हजारदा नाही. या चुलत बहिणी आहेत. आजी दोघींची एक, ती काही लिहून न ठेवता गेली. बहिणीला आई म्हणू नये, दोघींनाही वाईट वाटतं.

आता ताईंच्या पेपराचं नाव. ते मुद्दाम 'बुदस्तिका' असं द-त घालून लिहिलंय, 'बुडस्टिका' नाही. नॉर्वेजियन माणसाची जीभ इथे दाताला लागते. ट-ड-ण त्यांच्याकडे आहेत, पण ओस्लोकडच्या बोलण्यात ते निघतात आधी र आला की. 'बार्न' म्हणजे मूल, उच्चार चक्क आपल्या 'बाण'सारखा. इंग्रज जिभेवरून उच्चार उधार घेणाऱ्यांनी हे एकदा ऐकावं.

बुद म्हणजे निरोप, स्तिका म्हणजे काठी. पूर्वी नॉर्वेत सभेला किंवा लढाईला माणसं बोलवायची तर एक छोटी काठी शेतघराकडून शेतघराकडे फिरवत. ती तुमच्या दारात आली की पुढच्या घरी पोचवणं तुमच्याकडे. राजा माग्नुसच्या 1274 च्या कायद्यात याचे नियम आहेत. काठी अडवून बसलात तर दंड. पुढे ती आतून पोकळ करून आत कागद ठेवू लागले आणि टोकाला लोखंडी अणी बसवली. घरात कुणी नसलं तर दाराच्या लाकडात खुपसायची आणि निघायचं. आपल्याकडे दवंडी होती, पण दवंडी कानावर पडून विरून जाते. ही काठी हातात पडते आणि पुढे द्यावीच लागते. आपला 'सांगावा' शब्द याच्या जवळ जातो, त्याच्या रूपातच 'सांगायला हवं' आहे.

हा पेपर 1898 साली निघाला तो 'आस्केर ओग बेरुम्स बुदस्तिके' या नावाने, आता नुसतं 'बुदस्तिका'. शेवटचा 'आ' म्हणजे 'ती', ती काठी. मोल्देला 1843 पासून 'रोम्सदाल्स बुदस्तिके' आहे, तो मात्र पोलारिस या दुसऱ्या समूहाचा. एवढ्याशा देशात एवढे गावपेपर कसे टिकले, असं विचारलं की अभ्यासक 1969 पासूनचं सरकारी अनुदान आणि विक्रीकराची माफी दाखवतात. असेल. मला विचाराल तर सातशे वर्षं दारातली काठी पुढे द्यायची सवय लागलेल्या लोकांना गावच्या बातमीचे पैसे भरणं जड जात नसावं. हे माझं मत आहे, अर्थशास्त्र्यांनी आपलं आपल्याकडे ठेवावं.

तर 'बुद'. याचा जुना धातू म्हणजे जागं असणं, भान येणं, भान आणून देणं. संस्कृतात तो 'बुध्'. बोध, बुद्धी, प्रबोधन, बुद्ध. कपिलवस्तूचा बुद्ध आणि आस्केरच्या दारातली काठी सख्खे नाही तरी चुलत नात्यातले! बँकेच्या तक्रारी ऐकणाऱ्या ओंबड्समनमधला 'बड' तो हाच, स्वीडनकडून इंग्रजीमार्गे आपल्या पासबुकापर्यंत आलेला. ज्याच्याकडे आपला निरोप सोपवला तो माणूस.

हां, पक्षी राहिला. ताई, त्या गृहस्थांना सांगा की लॅटिनमध्ये आविस म्हणजे पक्षी हे खरं, पण पेपरचा आविस तो नव्हे. तो फ्रेंच 'आवी'वरून आला. त्याचा अर्थ मत, सूचना. त्याच्या मागे लॅटिनमधला 'दिसलेलं' हा शब्द आहे, आणि त्याही मागे आपल्या 'विद्'चा चुलतभाऊ. पक्षी हवाच असेल तर तो मराठीत आहे. वर्तमानपत्रातला 'पत्र' बघा: पत् म्हणजे उडणं, पत्र म्हणजे आधी पंख, पीस, मग झाडाचं पान, मग लिहिलेलं पान. पिसाला नॉर्वेजियनमध्ये 'फ्यार' म्हणतात, तो या पत्राचा चुलत नातलग. आणि हामारच्या पेपरातलं 'ब्लाद' म्हणजेही झाडाचं पान, पण त्याला कधी पंख नव्हते.