मळ्यात तट्टू पाळायचं तर वर्षभर काय काम पडतं?

आमच्या यावलकडच्या मळ्यात दोन तट्टू आहेत, त्यावरून सांगतो. सगळ्यात जड जातो पावसाळा. काळ्या मातीचा चिखल खुरात गच्च बसतो. रोज संध्याकाळी पाय उचलून कोरून काढला नाही, तर आतून कुजका वास सुटतो. गेल्या आषाढात आमची चंद्री अशीच आठ दिवस लंगडत होती, चूक माझीच. बांधायची जागा उंच करून मुरूम टाका. गोमाश्यांमुळे सर्रा (रक्तातल्या जंतूंचा आजार) होतो तोही याच दिवसांत; ताप येत-जात राहिला तर गुरांच्या डॉक्टरांना लगेच बोलवा.

उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात. काम पहाटेच उरकायचं, मग दिवसभर निंबाची सावली, २५-३० लिटर पाणी आणि चाटायला मिठाचा खडा.

हिवाळा त्या मानाने सुखाचा. ज्वारीचा वाळला कडबा भरपूर असतो. कोवळी हिरवी ज्वारी मात्र घालू नका, विषबाधा होते.

अजून जनावर घेतलं नसेल तर दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. तिथे आधी दात बघा, मग खूर. रंग शेवटी.