सर्व्हरमधून काढलेली एंटरप्राइझ हार्ड डिस्क घरच्या कॉम्प्युटरला लावावी का?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात १२ टीबीची वापरलेली सर्व्हर डिस्क स्वस्तात मिळतेय, फोटो-व्हिडिओ ठेवायला घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. मोठी साठवण हवी असेल तर घ्या, पण ‘सर्व्हरची आहे म्हणजे डेटा सुरक्षित’ या भरवशावर घेऊ नका.

आधी डिस्क साटा आहे की सॅस, ते बघा; हे डिस्क जोडायचे दोन प्रकार, साटा घरच्या कॉम्प्युटरचा आणि सॅस सर्व्हरचा. साटाच्या कनेक्टरमध्ये डेटा आणि पॉवरच्या मध्ये खाच असते, सॅसमध्ये ती भरलेली असते. सॅस घरच्या मदरबोर्डला थेट लागतच नाही, वेगळं कंट्रोलर कार्ड घ्यावं लागतं. एका डिस्कसाठी तो खर्च करू नका.

साटा असूनही डिस्क फिरलीच नाही, तर ती मेली असं लगेच समजू नका. सर्व्हरमध्ये डिस्क दुरून बंद करता यावी म्हणून काही मॉडेल्समध्ये पॉवरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते. घरच्या बऱ्याच एसएमपीएसमधून (कॉम्प्युटरला वीज देणाऱ्या डब्यातून) त्या पिनवर ते व्होल्ट कायम येत असतात. मोलेक्सवरून (एसएमपीएसच्या जुन्या, चार पिनांच्या कनेक्टरवरून) साटा करणारी केबल लावली की ३.३ व्होल्टची तारच नसल्याने डिस्क सुरू होते.

आता भरवशाचं. खराब सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा छोटा कप्पा) लागला की साधी डिस्क तो वाचायला बराच वेळ झगडते. एंटरप्राइझ डिस्क सहसा ७ सेकंदांच्या आसपास प्रयत्न सोडून एरर देते, कारण रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या रचनेत) तोच डेटा दुसऱ्या डिस्कवरून मिळणार असतो. तुमच्याकडे एकच डिस्क असेल तर या गुणाचा उपयोग शून्य. बॅकब्लेझ या बॅकअप कंपनीने २०१३ मध्ये स्वतःकडचे आकडे मांडले होते: वर्षाला एंटरप्राइझ डिस्क ४.६ टक्के बंद पडल्या, घरगुती ४.२ टक्के. दोन्हींचं काम सारखं नव्हतं, त्यामुळे घरगुती डिस्क सरस असं यातून ठरत नाही. पण दुप्पट पैसे मोजून निम्मा धोका मिळतो, असंही कुठे दिसत नाही.

आवाजाचा विचार नक्की करा. या डिस्क ७२०० आरपीएमच्या, हेड हलताना कटकट ऐकू येते. काही मॉडेल्स तर काहीच काम चालू नसतानाही दर काही सेकंदांनी ‘टक्’ करतात. कॉम्प्युटर झोपायच्या खोलीत असेल तर रात्री त्रास होईल. शिवाय सर्व्हरमध्ये समोरून जोरात वारा मारणारे पंखे असतात, म्हणून कॅबिनेटमध्ये डिस्कसमोर एक पंखा हवाच. विदर्भातल्या मे महिन्यात तर नक्कीच.

वेग हवा असेल तर विंडोज एसएसडीवरच ठेवा.

घेताना दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या प्रोग्राममध्ये किती तास चाललीय आणि रीअलोकेटेड सेक्टर (खराब झाल्याने बदललेले) किती, ते बघा. पण तासांचा आकडा पुसता येतो. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघडकीस आलं, तेव्हा स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत) तास शून्य होते, खरे तास फार्म लॉग या सीगेटच्या वेगळ्या नोंदीत सापडले. सीगेट असेल तर स्मार्टसीटीएल (smartctl) या प्रोग्रामच्या ७.४ किंवा पुढच्या आवृत्तीने तो लॉग वाचा. दुकानदार डिस्क लावून दाखवायला तयार नसेल तर घेऊ नका. आणि बजेटमध्ये बसत असेल तर एका १२ टीबीऐवजी दोन लहान डिस्क घ्या आणि दुसरीवर फोटोंची प्रत ठेवा.