फ्लेक्स लागला, पण निवड झालीच नाही

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. आम्ही जिंतूर तालुक्यात राहतो. पोरगं फुटबॉल चांगलं खेळतं, डाव्या बाजूनं पळतं, चपळ आहे. तो सरावाला जातो तिथल्या सरांनी सांगितलं, की नेपाळमध्ये पोखरा इथं भारत-नेपाळ आंतरराष्ट्रीय युवा फुटबॉल स्पर्धा आहे आणि त्याची भारतीय संघात निवड झाली. आमच्याच भागातली आणखी अकरा मुलं निवडली आहेत. प्रवास, ट्रॅकसूट, प्रमाणपत्र धरून ३२ हजार भरायचे आहेत. ५ हजार ॲडव्हान्स फोनवरून दिला. या प्रमाणपत्रावर पुढं ५ टक्के आरक्षणातून नोकरी लागते म्हणतात. चौकात अभिनंदनाचा फ्लेक्सही लागला. कापूस अजून घरातच आहे, भावाची वाट बघतोय. तो विकून बाकीचे पैसे भरावेत का? आणि फुटबॉलमध्ये लेकराचं खरंच काही होईल का?
— एक पालक, जिल्हा परभणी

उत्तर :

नमस्कार. कापूस राहू द्या घरात. भाव आला की विका, पण या कामासाठी विकू नका.

देशाच्या संघात निवड झालेल्या खेळाडूकडून कुणी पैसे मागत नाही. भारताचा फुटबॉल संघ, मग तो सतरा वर्षांखालचा असो की मोठ्यांचा, अखिल भारतीय फुटबॉल महासंघ निवडतो. शिबिर, प्रवास, राहणं, जेवण, कपडे हा सगळा खर्च महासंघाचा. बापानं ३२ हजार भरले तर संघात आणि नाही भरले तर बाहेर, असा भारतीय संघ नसतो.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते बारा मुलांचं. दक्षिण आशियाई स्पर्धेला अख्ख्या देशातून २३ मुलं जातात. त्यांत मणिपूर, मिझोराम, गोवा, बंगाल, केरळ असे फुटबॉल रक्तात असलेले प्रदेश रांगेत उभे असतात. त्यातली निम्मी पोरं एकट्या जिंतूरच्या एका मैदानावरून निघाली असती, तर परभणीत पत्रकारांना उभं राहायला जागा उरली नसती.

शेजारी देशांच्या मुलांची खरी स्पर्धा कोणती, तेही सांगतो, म्हणजे तुलना करता येईल. सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ, १९९७ मध्ये स्थापन झाला. भारत, नेपाळ, बांगलादेश, भूतान, श्रीलंका, मालदीव, पाकिस्तान हे त्याचे सदस्य. त्याच्या सतरा, एकोणीस, वीस वर्षांखालच्या स्पर्धा होतात. नेपाळचं नाव आलं म्हणजे खोटंच, असंही समजू नका : २०१९ मध्ये काठमांडूला अठरा वर्षांखालच्या अंतिम सामन्यात भारतानं बांगलादेशला २-१ नं हरवलं, २०२३ मध्ये तिथंच एकोणीस वर्षांखालच्या संघानं पाकिस्तानला ३-० नं. मे २०२५ मध्ये हीच स्पर्धा आपल्याकडं अरुणाचलातल्या युपियाला झाली. सिंगमायुम शामी या मणिपुरी कर्णधारानं दुसऱ्याच मिनिटाला फ्री किकवर गोल मारला, बांगलादेशनं दुसऱ्या हाफमध्ये बरोबरी केली आणि शेवटी पेनल्टी शूटआउटमध्ये ४-३ नं आपण जिंकलो. त्याच वर्षी सप्टेंबरात कोलंबोला सतरा वर्षांखालच्या मुलांनीही बांगलादेशलाच शूटआउटमध्ये हरवलं. दोन्ही संघांचे प्रशिक्षक गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. हे सामने मुलाला मोबाइलवर दाखवा. अंतिम सामन्यात बहुतेक वेळा समोर बांगलादेशच का असतो, हे त्याला विचारा. त्याचं उत्तर ऐकून पोराला खेळ किती कळतो ते तुम्हाला समजेल.

आता तुमच्या हातातला निवडपत्राचा कागद. असे कागद माझ्याकडं पालक वर्षभर पाठवतात. कोपऱ्यात तिरंगी वर्तुळ, नावात ‘इंडिया’, ‘इंटरनॅशनल’ आणि ‘फेडरेशन’ हे तिन्ही शब्द, खाली शिक्का, आणि पैसे मात्र कुणाच्या तरी खासगी नंबरवर पाठवायचे. विरोधी संघही तिकडं अशीच फी भरून आलेला असतो. नेपाळ का निवडतात? तिथं जायला भारतीयांना पासपोर्ट लागत नाही, ओळखपत्रावर भागतं. चार रात्रींची सहल, दोन-तीन सामने, मेडल, आणि देशाबाहेर खेळलो म्हणून ‘आंतरराष्ट्रीय’. ही सहल म्हणून वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पोरं डोंगर बघतात, वेगळ्या मुलांशी खेळतात. ऐपत असलेल्या बापानं हौसेनं पाठवावं. पण ती सहलच आहे, हे सांगून पैसे घ्यायला हवेत.

तुमचे सर लबाडच असतील असंही नाही. कित्येकदा वरच्या माणसानं त्यांनाही असंच गुंडाळलेलं असतं. दहा मुलं आणली की सरांचं जाणं-येणं फुकट, एवढाच त्यांचा हिशोब. त्यांना शांतपणे तीन गोष्टी विचारा. ही स्पर्धा अखिल भारतीय महासंघाच्या मान्यतेची आहे का? महाराष्ट्रात फुटबॉल बघणारी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, जिला सगळे विफा म्हणतात, तिला हे माहीत आहे का? आणि मुलाची महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत, म्हणजे सीआरएसमध्ये, नोंद आहे का? ‘आमचं फेडरेशन वेगळं आहे’ असं उत्तर आलं, तर विषय संपला.

नोकरीचं तर साफ विसरा. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे खरं. पण प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात होते, परभणीसाठी ते छत्रपती संभाजीनगरला. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती का, हे तिथं बघतात. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं आपल्या राज्यात गाजलेली आहेत. उद्या पोरानं हा कागद भरतीच्या अर्जाला जोडला आणि पडताळणीत अडकला, तर ३२ हजार राहिले बाजूला, गुन्हा त्याच्या नावावर लागेल.

आता फ्लेक्सचं. तुम्ही ते एका ओळीत लिहिलंय, पण खरी अडचण तीच आहे हे मला कळतं. वर नेत्यांचे फोटो, मध्ये पोराचा, आणि आता मागं कसं फिरायचं? मामाला, सासरवाडीला सगळीकडं फोन झाले असतील. माझं ऐका, फ्लेक्स पंधरा दिवसांत वाऱ्यानं फाटतो नाहीतर दुसऱ्याच्या वाढदिवसाचा त्यावर चढतो. विचारलं तर सांगा, ‘चौकशी केली, ती स्पर्धा सरकारमान्य नव्हती, म्हणून आम्हीच नाही म्हणालो.’ यात खाली मान घालण्यासारखं काही नाही. उलट बाकीच्या अकरा मुलांच्या घरी आधी तुम्हीच जा. त्यातला कुणीतरी सोनं मोडायला निघालेला असेल.

राहिला पोराचा प्रश्न. खोटी आशा दाखवत नाही : नववीत देशाच्या संघाचं स्वप्न बघायला थोडा उशीर झालाय. मोठ्या निवासी अकादम्या मुलं बारा-तेराव्या वर्षीच उचलतात. नवी मुंबईतली रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स पूर्ण शिष्यवृत्तीवर मुलं घेते, तीही लहान वयातच. पण आपल्या राज्यातून कुणी गेलंच नाही असं नाही. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला, म्हणजे सरकारी वाटेनं. कोल्हापूरला फुटबॉलचं वेड आहे, पेठापेठांचे संघ आहेत. आपल्याकडं ते नाही. आपलं काळं रान पावसाळ्यात बुटाला चार-चार बोटं चिकटतं आणि उन्हाळ्यात भेगाळतं, त्यावर घोटा सांभाळत पळणं हेच एक कसब आहे. म्हणून जिंतूरला बसून वाट बघू नका.

यंदा त्यानं शाळेकडून खेळलं पाहिजे. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात आणि सुब्रतो कप या शाळांच्या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेची वाटही शाळेतूनच जाते. १९६० पासून चालत आलेली ही स्पर्धा, आणि तिच्या राष्ट्रीय फेरीत अकादम्यांचे लोक मुलं हेरायला बसलेले असतात. शाळेनं जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात नोंदणी केली का, हे मुख्याध्यापकांना आत्ताच विचारा. पावसाळा लागला की स्पर्धा सुरू होतात आणि बऱ्याच शाळांना तारीख उलटल्यावर जाग येते. संघ नसेल तर या बारा पोरांचाच करता येईल, बहुतेक एकाच शाळेतली असतील.

आणि एक काम आज संध्याकाळी करा. जन्माचा दाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर समोर ठेवून तारखा जुळवा. आपल्याकडं गुरुजींच्या कृपेनं निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो. दाखल्यात एक तारीख आणि शाळेत दुसरी निघाली तर पोरगं कितीही चांगलं खेळू दे, नोंदणीतच अडकेल. वय चोरून खालच्या गटात खेळवण्याचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाच्या नादी लागू नका. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय बघतात आणि तिथं सापडलेल्या मुलावर बंदी येते.

दहावी मात्र सोडायची नाही. वरच्या स्तरावर खेळला तर बोर्डाच्या सवलतीच्या गुणांचा फायदा मिळेल. पुढं खेळाडू म्हणून नाही जमलं तरी अठरा पूर्ण झाल्यावर महासंघाचा डी लायसन्स प्रशिक्षक कोर्स आहे, रेफ्रींच्या परीक्षा आहेत, बारावीला विज्ञान घेतलं तर फिजिओथेरपी आहे. मराठवाड्यात धड शिकलेला फुटबॉल प्रशिक्षक शोधायला निघालात तर किती वणवण होते, ते तुम्ही स्वतःच अनुभवताय.

५ हजारांचं : सरांना फोनवर नाही, मेसेज करून परत मागा. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि ते निवडपत्र जपून ठेवा. आठ दिवसांत परत नाही आले तर तेवढे कागद घेऊन पोलीस ठाण्यात जा. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांकही आहे. बाकीचे पालक सोबत असले तर तक्रार लवकर घेतली जाते.