अपग्रेड नको, पण हप्तेही थांबवू नका

सोलापूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात हिशेब बघतात, यजमान ज्युनिअर कॉलेजात शिकवतात. घरी सासू-सासरे, नववीतला मुलगा, सहावीतली मुलगी. तीन वर्षांपूर्वी पेट्रोल पंपावर भरलेल्या कुपनावर ‘बक्षीस लागलंय’ असा फोन आला. एका हॉटेलच्या हॉलमध्ये दोन तास बसवून घेतलं आणि ‘सवलत फक्त आजच्यापुरती’ म्हणत यजमानांची सही घेतली. २५ वर्षांची टाइमशेअर मेंबरशिप, म्हणजे आधी पैसे भरून दरवर्षी रिसॉर्टमध्ये ठरावीक रात्री राहण्याचा हक्क: वर्षाला सात रात्री, स्टुडिओ खोली, मधला हंगाम. किंमत ४ लाख २० हजार, त्यातले ६० हजार रोख आणि बाकीचे ९,५०० रुपयांचे ४८ हप्ते.

पहिल्या वर्षी हव्या त्या तारखा मिळाल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं. यंदा मे महिन्यात कसेबसे चार दिवस काढून सगळे महाबळेश्वरला गेले. मे हा गर्दीचा हंगाम, म्हणून सात रात्रींचा हक्क देऊन चारच रात्री मिळाल्या. खोली उतारावर, पन्नासेक पायऱ्या खाली. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या दोन दिवस खोलीतच बसून होत्या. भिंतीला ओल, गीझर बंद, खिडकीतून दिसायचं ते पार्किंग. सासू-सासऱ्यांच्या जादा गाद्यांचे माणशी, रात्रीला १,२०० म्हणजे ९,६०० वेगळे. बरोबर नेलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी रेस्टॉरंटमध्ये काढू दिली नाही. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ‘मेंबरांसाठी खास बैठक’ म्हणून पुन्हा दोन तास: अजून २ लाख ७५ हजार भरा, मोठी खोली मिळेल, मे आणि दिवाळी खुली होईल, ही अडचण पुन्हा येणार नाही.

ताई विचारतात: अपग्रेड घ्यावं, आहे तसं चालू ठेवावं, की हप्तेच बंद करून टाकावेत?

ताई, अपग्रेड घेऊ नका. हे मी आकडेमोड करण्याआधीच सांगतो, कारण उत्तर तुमच्या पत्रातच आहे. तुम्ही लिहिलंय, ‘मार्च ते जून आमच्याकडे मान वर करायला फुरसत नसते.’ सोलापुरात युनिफॉर्मच्या धंद्यात असलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. शाळा जूनमध्ये उघडतात, माल त्याआधी जायचा असतो. मग मे खुला करून घेण्यासाठी तुम्ही पैसे का मोजायचे? यंदाचे चार दिवस तुम्ही मालकांकडून मागून घेतलेत. पुढची २२ वर्षं दर मे महिन्यात ते मागता येणार आहेत का? आता राहिली दिवाळी. भाऊबीजेनंतर शाळा उघडेपर्यंत जे चार-पाच दिवस उरतात, तेवढ्यासाठी हे २ लाख ७५ हजार आहेत.

आता आकडे. नवे हप्ते ७,२५० चे, ४८ महिने. म्हणजे २ लाख ७५ हजारांचे ३ लाख ४८ हजार होतात. ते उरलेल्या २२ वर्षांत वाटले तर वर्षाला साधारण १५,८००. मोठ्या खोलीचं वार्षिक देखभाल शुल्क त्यांनी २६,००० सांगितलं आहे. दोन्ही मिळून ४१,८००. एक वर्षही न चुकता, सातच्या सात रात्री वापरल्या, तर रात्रीला सहा हजारांच्या आसपास पडतात. तुमच्या शेजारच्या खोलीतल्या कुटुंबाने, जे मेंबर नव्हते, तशीच स्टुडिओ खोली ऑनलाइन ६,५०० ला घेतली होती. मोठी खोली त्याहून महाग असणार हे मान्य. पण ते लोक आवडलं नाही तर पुढच्या वर्षी दुसरीकडे जातील. तुम्ही मात्र पैसे आधी भरून बसाल, आणि आतापर्यंतच्या तीन वर्षांत तुम्हाला एकच सहल करता आली आहे.

हेच ७,२५० रुपये ४८ महिने रिकरिंगमध्ये टाकले आणि साडेसहा टक्के व्याज धरलं, तर चार लाखांच्या जवळ जातात. मुलगा नववीत आहे. ४८ महिन्यांनी तो बारावी होऊन कॉलेजच्या दारात उभा असेल.

बुडत्याचा पाय खोलात म्हणतात ना, अपग्रेडचं बोलणं नेमकं तिथे धरतं. खोली वाईट दिली, म्हणून चांगल्या खोलीचे पैसे द्या! ओल आणि बंद गीझर ही स्टुडिओ मेंबरशिपची अट नव्हती. ती सेवेतली कसूर आहे आणि ती दुरुस्त करण्याचा खर्च तुमच्याकडून मागणं मला अजिबात पटत नाही.

हप्ते बंद करण्याचा विचार रागातून आला आहे, आणि राग योग्यच आहे. पण दर महिन्याला हप्ता कापल्याचा मेसेज एका फायनान्स कंपनीच्या नावाने येतो, असं तुम्ही लिहिलंय. याचा अर्थ रिसॉर्टवाल्यांना त्यांचे पैसे केव्हाच मिळाले आहेत. तुम्ही आता तिसऱ्याच कुणाचं कर्ज फेडताय. हप्ता चुकला तर रिसॉर्टला काही होणार नाही, यजमानांचा सिबिल स्कोअर मात्र पडेल. चार वर्षांनी मुलासाठी शैक्षणिक कर्ज घ्यायचं झालं तर सहकर्जदार म्हणून सही त्यांचीच लागेल. हत्ती गेला, शेपूट राहिलं आहे: १२ हप्ते, १ लाख १४ हजार. ते वेळेवर भरा. एकरकमी फेडण्यासाठी एफडी मोडायचा विचारही नको. बारा टक्क्यांच्या हिशेबाने आज मुद्दल १ लाख ७ हजारांच्या आसपास उरतं, म्हणजे वाचणार सात हजार. त्यातून मुदतपूर्व फेडीचा आकार गेला आणि एफडी मोडल्याचं व्याज गेलं की हातात फारसं काही राहत नाही.

खरा विचार करायचा आहे तो देखभाल शुल्काचा. यजमान म्हणतात, ‘एवढे भरलेत, आता सोडायचं कसं?’ ६० हजार, ३६ हप्त्यांचे ३ लाख ४२ हजार आणि देखभालीच्या दोन बिलांचे ३३,४०० धरून ४ लाख ३५ हजार ४०० गेले आहेत. ते तुम्ही मेंबरशिप ठेवलीत तरी गेले आणि सोडलीत तरी गेले. मनाला लागतं, मला कळतं. पण यापुढे फक्त एवढंच पाहायचं की दरवर्षी येणाऱ्या बिलाच्या बदल्यात तुमच्या घराला काय मिळतं.

पहिल्या वर्षी शुल्क माफ होतं, मग १६,००० आलं, मग १७,४००, आता १९,००० येणार आहे. दरवर्षी नऊ टक्क्यांची वाढ. हाच वेग राहिला तर आठ वर्षांत बिल दुप्पट होतं. वाढ सहाच टक्के धरली, तरी उरलेल्या २२ वर्षांची बेरीज सव्वाआठ लाखांच्या घरात जाते. मूळ मेंबरशिपच्या जवळपास दुप्पट! हॉलमधल्या त्या दोन तासांत ही बेरीज कुणी करून दाखवली नसणार. शिवाय या शुल्कावर १८ टक्के जीएसटी असतो. १९,००० चं बिल असेल तर त्यातले सुमारे २,९०० कराचे. हॉटेलची खोली थेट घेतली आणि भाडं रात्रीला ७,५०० पर्यंत असेल, तर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्केच लागतो.

तरीही मी ‘उद्याच सोडा’ म्हणत नाही, कारण हिशेब दोन्ही बाजूंनी करायला हवा. मधल्या हंगामात तशी खोली ४,००० ला मिळते असं धरलं, तर वर्षाला पाच रात्री वापरल्यावर १९,००० वसूल होतात. जुलैनंतर तुमचा कारखाना सैल असतो. सुट्टीला जोडून शनिवार-रविवार आले की दोन-दोन, तीन-तीन रात्री घेता येतील, करारात तुकडे पाडायची मुभा असेल तर. पण महाबळेश्वर सोलापूरपासून पंढरपूर, म्हसवड, साताऱ्यावरून तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. दोन रात्रींसाठी म्हातारी माणसं घेऊन तेवढं जाणं-येणं तुम्हाला झेपेल का, हे तुम्हीच ठरवा. मला शंका आहे.

म्हणून माझं मत असं. या वर्षीचं बिल भरा, पण ‘हक्क राखून, हरकत नोंदवून भरत आहोत’ असं ईमेलने कळवून. न भरल्यास बुकिंग तर थांबतंच, वर थकबाकी आणि व्याज चढवून कंपनी तुम्हालाच कसूरवार ठरवायला मोकळी होते. आणि बिलाबरोबरच मेंबरशिप रद्द करण्याची लेखी मागणी करा. करारातलं रद्द करण्याचं कलम आज रात्री दोघांनी बसून वाचा: किती वर्षांनंतर किती टक्के कापतात, काही परत मिळतं का, की नुसतं बाहेर पडता येतं. भारतात टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे सगळा जोर त्या छापील कराराच्या बारीक अक्षरांवर आहे. परत काहीच मिळत नसेल आणि येत्या वर्षभरात पाच रात्रीही वापरून होत नसतील, तर रिकाम्या हाताने बाहेर पडणंही मी फायद्याचं समजेन. पुढची सव्वाआठ लाखांची वाट तरी बंद होते.

कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंतर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस मुंबईत असलं तरी तुम्ही सोलापूरच्या जिल्हा आयोगात जाऊ शकता. सेवेसाठी तुम्ही मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी हॉलमध्ये ‘कधीही जा, कुठेही जा’ म्हणाले होते, त्यावर आता अडून बसणं अवघड जाईल. तोंडी आश्वासनं ग्राह्य नाहीत असं अशा करारांत बहुधा लिहिलेलंच असतं. यंदाच्या मे महिन्यातल्या खोलीची तक्रार मात्र ताजी आहे. ओलीचे फोटो, गाद्यांचं बिल, विक्रेत्याचे व्हॉट्सॲप मेसेज, काहीही डिलीट करू नका.

एक धोका आताच सांगून ठेवतो. तुम्ही रद्द करायला निघालात की फोन येऊ शकतो: ‘तुमची मेंबरशिप घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त नोंदणीचे पंधरा हजार आधी भरा.’ कधी ‘जीएसटी आधी भरा, पूर्ण रक्कम परत मिळेल’ असंही सांगतात. आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. या मार्गाने दुसऱ्यांदा फसलेली माणसं आहेत.

पत्रात तुम्ही ओघात लिहिलंय की सासऱ्यांच्या ऑपरेशनला १ लाख ८० हजार बचतीतून गेले. मला ही गोष्ट रिसॉर्टपेक्षा जास्त काळजीची वाटते. सासरे ७१ चे आहेत. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न पाहता आयुष्मान भारतचं ‘वय वंदना’ कार्ड मिळतं, कुटुंबातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण. आधार कार्ड घेऊन ते काढून घ्या आणि सोलापुरातली कोणती रुग्णालयं त्यात आहेत ते विचारा. सासूबाई ६६ च्या. त्यांच्यासाठी आरोग्य विमा बघा. आता ६५ वर्षांनंतरही नवी पॉलिसी मिळू शकते आणि वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी राहिलेला नाही. गुडघ्यांच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ असेल, म्हणून हे जितकं लवकर होईल तितकं बरं. अपग्रेडचे ७,२५० वाचणार आहेत, त्यातला पहिला वाटा इथे जाऊ द्या.

सहल बंद करा असं मी म्हणणार नाही. सोलापूरच्या ४३ डिग्रीतून साडेचार हजार फुटांवर जावंसं वाटणं यात चैन कसली? महिन्याला १,६०० चं वेगळं रिकरिंग काढलंत तर वर्षाला १९ हजारांवर जमतात. दिवाळीनंतर एमटीडीसीचं भंडारदरा किंवा महाबळेश्वर बघा, बुकिंग करताना तळमजल्याची खोली मागा, पायऱ्या किती आहेत ते फोनवर विचारा.

आणि ताई, घरात या सहीवरून वाद झाले असं तुम्ही लिहिलंय. यजमानांनी ती सही मुलांना थंड हवेच्या ठिकाणी नेता यावं म्हणून केली होती. करार वाचायला दोघं एकत्र बसाल तेव्हा तो विषय बाजूला ठेवा. पुढच्या बिलाची तारीख पत्रात नाही, ती आधी बघून घ्या. रद्द करण्याचं पत्र त्या तारखेच्या आत, स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, पोचलं पाहिजे.