पोट मुलाचं दुखतंय, मग काउन्सेलर सगळ्या घराला का बोलावतात?

प्रश्न: मुलगा आठवीत आहे, शाळेची वेळ झाली की रोज पोट दुखतं, सोनोग्राफी, रक्ताच्या टेस्ट सगळं नॉर्मल. आता काउन्सेलर म्हणतात आईबाबा, आजी सगळेच या. आम्ही कशाला?
– एक आई, कोथरूड

उत्तर: ताई, दोष द्यायला नाही बोलावलेलं, हे आधी सांगते. आणि त्याचं दुखणं खरंच आहे, नाटक नाही.

साल्वाडोर मिनूचिन या मानसोपचारतज्ज्ञांनी अमेरिकेत फिलाडेल्फियात स्ट्रक्चरल फॅमिली थेरपी, म्हणजे सगळ्या घराला सोबत घेऊन करायची एक उपचारपद्धत, उभी केली, १९७४ मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं, त्यात भर असतो तो घरात कोण कुणाच्या जवळ, निर्णय कुणाचा, यावर. समजा मुलाला विचारलं "सकाळी काय होतं रे?" आणि उत्तर आजींनी दिलं, "अहो तो रात्री जेवलाच नाही", तुम्ही आजींकडे बघितलं आणि बाबा मोबाईलमध्ये, तर थेरपिस्टला तिथेच बरंच कळतं. मग ते तुम्हा दोघांना समोरासमोर बसवून म्हणतील, उद्या याला शाळेत कसं पाठवायचं ते आत्ताच ठरवा, आजी फक्त ऐकतील. फॅमिली थेरपीची दुसरी एक पद्धत इटलीतल्या मिलानची, तिच्यात मुलालाच विचारतात, "आईबाबा भांडले की सगळ्यात जास्त टेन्शन कुणाला येतं?"

आजी घरात लक्ष घालतात म्हणजे काही बिघडलंय असं मी अजिबात मानत नाही, आपल्याकडे कितीतरी घरं त्यांच्यावरच चालतात, फक्त नवराबायकोचा अबोला मुलाच्या पोटदुखीमुळे सुटत असेल तर ते बघायला हवं.

घरात मारहाण होत असेल तर मात्र एकत्र बसायच्या आधी काउन्सेलरना एकटीने भेटून सांगा.